परजीवींविरुद्ध जनुकोपचार: संशोधन-प्रस्ताव कसा मांडावा

पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी ‘जनुकोपचाराने हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढवणे’ असे शीर्षक लिहून आणतो (जनुकोपचार म्हणजे पेशींत जनुक घालून किंवा बदलून केलेला उपचार), तेव्हा मी त्याला सर्वांत आधी ‘वाढवणे’ हा शब्द खोडायला सांगते. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी नुसती पातळी वर नेण्याची वस्तू नव्हे. मेंदूपर्यंत पोचलेल्या हिवतापात रोग्याच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनी उठवलेला दाह हानीचा मोठा वाटेकरी असतो. हत्तीरोगात सुजलेल्या पायामागे कृमीइतकीच कृमीविरुद्धची शरीराची प्रतिक्रियाही असते. तेव्हा शीर्षकात तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत: परजीवी कोणता, त्याची कोणती अवस्था गाठायची, आणि त्यासाठी शरीराला कोणते एक शस्त्र तयार करायला लावायचे. ‘प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमच्या स्पोरोझॉइट अवस्थेविरुद्ध प्रतिपिंडाचे जनुक स्नायूंत पोचवणे’ हे शीर्षक ऐकायला रुक्ष आहे, पण त्यावर काम करता येते. (फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी, स्पोरोझॉइट ही डासातून अंगात शिरणारी त्याची अवस्था, आणि प्रतिपिंड म्हणजे परजीवीला चिकटून त्याला रोखणारे रक्तातले प्रथिन.)

ही टिपणे बडोद्यात प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि प्रबंधासाठी वा शिष्यवृत्तीसाठी प्रस्ताव लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी अशी चार-सहा जणे बसतात. काही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलणारी, काही पूर्णपणे गुजराती माध्यमातली, आणि सगळ्यांच्या चुका मात्र जवळजवळ सारख्या. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहावी, ती ही की कोणत्याही परजीवी रोगावर माणसासाठी मान्यता मिळालेला जनुकोपचार अस्तित्वात नाही. आहेत ते प्रामुख्याने प्राण्यांवरचे प्रयोग, निसर्गाने माणसांवर करून ठेवलेले काही बदल, आणि दुसऱ्या रोगांसाठी घडवलेली साधने. या तिन्हींची सांगड घालून पुढचे एकच पाऊल कोणते टाकता येईल, एवढाच प्रस्तावाचा विषय असतो.

अवस्था निवडताना परजीवीचे जीवनचक्र चित्र म्हणून पाठ न करता हिशेब म्हणून वाचावे. ॲनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा त्वचेत शिरणारे स्पोरोझॉइट बहुधा शंभराच्या आतच असतात. ते यकृतात पोचतात, तिथे सुमारे आठवडाभर वाढतात, आणि एकेका यकृतपेशीतून हजारो मेरोझॉइट बाहेर पडून तांबड्या पेशींवर तुटून पडतात; त्यानंतर दर ४८ तासांनी नवी फळी उभी राहते आणि आकडा पाहता पाहता अब्जांत जातो. शत्रू शंभराच्या आत असताना त्याला गाठणे आणि तो अब्जावधी झाल्यावर गाठणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. शिवाय रक्तातल्या अवस्थेत फाल्सिपेरम आपल्या सुमारे ६० ‘व्हार’ जनुकांतून आलटून पालटून वेगळे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर आणतो, त्यामुळे एका प्रथिनाविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड थोड्याच दिवसांत निरुपयोगी ठरू शकते. स्पोरोझॉइटच्या अंगावर मात्र सीएसपी नावाच्या प्रथिनाचे दाट आवरण असते आणि त्याच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांची एकच ओळ सुमारे चाळीस वेळा पुन्हा पुन्हा येते. आज शिफारस झालेल्या हिवताप लशींचा आणि चाचणीत उतरलेल्या प्रतिपिंडांचा रोख मुख्यतः याच प्रथिनावर आहे.

इथे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने थांबून एक टीप जोडायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते. गुजरातेत फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे हिवतापाचे दोन्ही परजीवी आढळतात. व्हायव्हॅक्सच्या सीएसपीतली पुनरावृत्ती वेगळी आहे, आणि तिचेही एकाहून अधिक प्रकार आहेत. म्हणजे आफ्रिकेसाठी घडवलेले फाल्सिपेरमचे प्रतिपिंड इथल्या व्हायव्हॅक्सला ओळखणारच नाही. त्यात व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात महिनोन्‌महिने निद्रिस्त राहतात, आणि यकृतपेशीच्या आत दडलेल्या परजीवीपर्यंत रक्तात फिरणारे प्रतिपिंड पोचत नाही. प्रस्ताव फाल्सिपेरमपुरता असेल तर तसे लिहावे. ‘हिवताप’ एवढाच शब्द वापरून दोन्हींचे श्रेय घेऊ नये.

परजीवी बदलला की शस्त्रही बदलते. काळ्या आजाराचा लीशमानिया आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात राहतो, त्यामुळे तिथे प्रतिपिंडाचे जनुक देऊन फारसे काही साधत नाही. त्या पेशींना जागे करणाऱ्या टी-पेशींची गरज असते. म्हणूनच लीशमानियाबाबत एक उलटा मार्ग पुढे आला आहे. माणसाच्या जनुकांना हात न लावता क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राच्या साहाय्याने परजीवीतलेच सेंट्रिन हे जनुक काढून टाकायचे आणि वाढू न शकणाऱ्या त्या परजीवीचीच लस करायची. हा मार्ग जनुकोपचारात मोडत नाही, पण ‘जनुकोपचारच का?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना तो ठाऊक असावा लागतो. आतड्यातल्या जंतांसाठी तर ही सारी यंत्रणा गृहीत धरूच नये. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जे काम करते, त्यासाठी विषाणू कशाला घडवायचा?

निसर्गाने आधी काय केले ते पाहावे

हा भाग मुले अर्ध्या पानात उरकतात. माझ्या मते तो प्रस्तावाचा कणा आहे, कारण एखादे जनुक बदलल्याने परजीवीपासून खरोखर संरक्षण मिळते याचा माणसांतला पुरावा इथेच सापडतो.

संशोधक ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले की सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या मुलांना फाल्सिपेरमच्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोन्ही पालकांकडून तेच जनुक आले तर मात्र तो आयुष्यभराचा वेदनादायी आजार होतो. बडोद्याहून पूर्वेला छोटा उदेपूर किंवा दाहोदकडे गेले की हे उदाहरण पुस्तकातले राहत नाही. तिथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेले राष्ट्रीय निर्मूलन अभियान त्यांच्यासाठीच आहे. संरक्षण देणारे जनुक आणि आजार देणारे जनुक एकच असू शकते हे वाक्य प्रस्तावात शोभेसाठी येऊ नये. आपण निवडलेल्या जनुकाची किंमत काय, या प्रश्नाच्या उत्तरात ते यावे.

दुसरे उदाहरण डफी प्रथिनाचे. तांबड्या पेशीवर हे प्रथिन नसलेल्या माणसांना व्हायव्हॅक्सचा संसर्ग सहसा होत नाही, हे १९७६ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पुढे कळले की जनुकाच्या नियंत्रक भागातले डीएनएचे एकच अक्षर बदलल्यामुळे हे प्रथिन तांबड्या पेशींत तयार होत नाही, शरीरात इतरत्र मात्र होते. जनुकोपचाराचा विचार करणाऱ्याला मोह पडावा असाच हा बदल आहे: एक अक्षर, एक पेशीप्रकार, आणि ज्यांच्यात तो आहे ती माणसे निरोगी. तरीही मादागास्करमध्ये डफी नसलेल्या लोकांनाही व्हायव्हॅक्सची लागण झाल्याचे नंतर आढळले. परजीवीही दुसरे दार शोधतच असतो.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे आणि तरीही विद्यार्थ्यांना माहीत नसते. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा परजीवी उंट, घोडे आणि गुरे यांना सर्रा नावाचा रोग देतो. कच्छ-सौराष्ट्रातल्या उंटपाळांना तो चांगला परिचयाचा आहे. माणसाला तो होत नाही, असा समज होता. २००४ साली महाराष्ट्रातल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. २००६ साली त्याचे कारण प्रसिद्ध झाले: माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचे प्रथिन असते, ते या परजीवींना फोडून मारते, आणि या रोग्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. सुरामिन हे औषध दिल्यावर तो बरा झाला. एका प्रथिनाच्या असण्या-नसण्यावर प्रतिकार अवलंबून असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

याच धाग्यावर २००९ साली जनुक पोचवण्याचा एक प्रयोग झाला. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे परजीवी माणसाच्या एपोएल-१ला चकवतात, पण बबून माकडाच्या प्रथिनाला चकवू शकत नाहीत. म्हणून बबूनचे जनुक उंदरांच्या शरीरात घातले गेले आणि ते उंदीर माणसाला बाधणाऱ्या परजीवीलाही पुरून उरले. हे वाचून विद्यार्थी उत्साहित होतो, आणि मग मी त्याला पद्धतीचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगते. त्या तंत्रात उंदराच्या वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतके द्रावण काही सेकंदांत शेपटीच्या शिरेतून सोडतात. हाच हिशेब साठ किलोच्या माणसाला लावला तर सहा लिटर द्रावण होते, म्हणजे अंगात असलेल्या रक्ताहूनही अधिक. कल्पना सिद्ध झाली, उपचार सिद्ध झाला नाही, हा फरक प्रत्येक संदर्भाशेजारी समासात लिहून ठेवण्याची सवय लावावी. एपोएल-१चीही किंमत आहेच. त्याचे जी-१ आणि जी-२ हे प्रकार आफ्रिकी वंशाच्या लोकांत मूत्रपिंडाच्या विकाराशी जोडलेले असल्याचे २०१०मध्ये समोर आले.

वाहन, आणि त्यात मावणारा माल

जनुक पेशीपर्यंत नेण्यासाठी आज सर्वाधिक विचार होतो तो एएव्ही या निरुपद्रवी विषाणूचा. त्याच्या कवचात सुमारे ४,७०० अक्षरे मावतात, त्याहून फारशी नाहीत. प्रतिपिंडाच्या जड साखळीला साधारण १,४०० आणि हलक्या साखळीला ७०० अक्षरे लागतात. उरलेल्या जागेत जनुक सुरू करणारा भाग, दोन साखळ्यांना जोडणारा दुवा, शेवटची खूण आणि विषाणूची दोन्ही टोके बसवायची असतात. एका हुशार मुलीने दोन प्रतिपिंडे, दोन स्वतंत्र नियंत्रक आणि वर बंद करण्याची कळ असा देखणा नकाशा रंगवून आणला होता. बेरीज केली तेव्हा ती सहा हजारांच्या पुढे गेली. नकाशा काढण्यापूर्वी कागदावर बेरीज करावी, एवढे साधे काम आहे.

एएव्हीच्या मर्यादा लिहिताना हात आखडू नये. अनेकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे लहानपणापासूनच असतात, त्यांच्यात उपचार निकामी ठरतो. आणि एकदा दिल्यावर तोच प्रकार पुन्हा देता येत नाही, कारण पहिल्या मात्रेने शरीर सावध झालेले असते. स्नायूंच्या पेशी सहसा विभागत नसल्यामुळे तिथे जनुक दीर्घकाळ टिकते, म्हणून प्रतिपिंडासाठी स्नायू निवडतात. डीएनएचे साधे वर्तुळ थेट देणे हा दुसरा मार्ग. अहमदाबादच्या झायडसच्या झायकोव्ह-डी या कोविड लशीला ऑगस्ट २०२१मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली, तेव्हा ती माणसासाठी मान्य झालेली जगातली पहिली डीएनए लस होती. तिच्यामुळे गुजरातेत या तंत्राचा अनुभव आहे, मात्र लस देणे आणि शरीराला वर्षानुवर्षे प्रतिपिंड बनवायला लावणे यांत प्रमाणाचा फार मोठा फरक आहे.

रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून, त्यांचे डफी जनुक संपादित करून परत घालावे, असाही प्रस्ताव दरवर्षी कोणीतरी आणतो. सिकलसेलवर २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेला कॅसजेव्ही हा क्रिस्पर उपचार त्याच पद्धतीचा आहे. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर असून आधी रोग्याची अस्थिमज्जा तीव्र औषधाने रिकामी करावी लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलियासाठी मूळ पेशींत जनुक घालण्याचे काम झाले आहे, तेव्हा देशात हे कौशल्य नाही असे नाही. परंतु जन्मजात आणि जीवघेण्या रोगासाठी जो धोका पत्करावा, तो डासाच्या चाव्यापासून बचाव म्हणून निरोगी माणसावर लादता येणार नाही.

आकड्यांची तुलना

प्रस्तावातल्या प्रत्येक अपेक्षेला एक आकडा जोडावा. सीएसपीविरुद्धचे प्रतिपिंड माणसाला खरोखर वाचवते का, याचे उत्तर मालीतल्या २०२२च्या चाचणीने दिले: सीआयएस४३एलएस हे तयार प्रतिपिंड वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम शिरेतून दिल्यावर सहा महिन्यांच्या हंगामात संसर्गापासून ८८.२ टक्के संरक्षण मिळाले. अशा प्रकारचे प्रतिपिंड शरीराने स्वतः बनवावे या दिशेचा उंदरांतला प्रयोग त्याआधी, २०१४ साली, प्रसिद्ध झाला होता. एएव्हीमधून सीएसपीविरुद्धच्या प्रतिपिंडाचे जनुक दिलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात मिलिलिटरला १.२ मिलिग्रॅमपर्यंत प्रतिपिंड तयार झाले आणि ७० टक्क्यांपर्यंत उंदीर वाचले. ज्यांच्या रक्तात प्रमाण जास्त, त्यांचे संरक्षणही जास्त.

आता हा आकडा माणसावर बेतून पाहावा. आपल्या रक्तद्रवात आयजीजी वर्गाची सगळी प्रतिपिंडे मिळून मिलिलिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम असतात. म्हणजे दंडात टोचलेल्या जनुकाकडून आपण एकूण साठ्याच्या दहाव्या भागाइतके एकाच प्रकारचे प्रतिपिंड मागत आहोत, तेही अखंड. ही मागणी कमी करायची असेल तर अधिक घट्ट चिकटणारे प्रतिपिंड निवडावे लागेल किंवा ते रक्तात अधिक काळ टिकेल असा बदल त्यात करावा लागेल. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा अशाच एखाद्या भागाकाराच्या तळाशी सापडतो.

यापुढचा परिच्छेद ‘हे का नको?’ या शीर्षकाखाली लिहावा. जागतिक आरोग्य संघटनेने आरटीएस,एस ही लस २०२१ साली आणि आर२१ ही लस २०२३ साली शिफारशीस पात्र ठरवली. आर२१ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, तिची एक मात्रा दोन ते चार डॉलरला पडते. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी त्याहून जुनी आणि परिचित. परीक्षक विचारणारच आहे की चार मात्रांच्या स्वस्त लशीपुढे तुमच्या विषाणूचे काम काय. तर त्याचे खरे उत्तर असे की ज्यांच्यात लस पुरेशी प्रतिपिंडे तयार करू शकत नाही किंवा ज्यांच्यापर्यंत पुन्हा पुन्हा पोचता येत नाही, त्यांच्यासाठी एकदाच टोचून दीर्घकाळ टिकणारे संरक्षण उपयोगी पडेल. त्याहून मोठा दावा करू नये.

बंद करण्याची कळ, परवानग्या आणि बडोद्यात बसून होणारे काम

१९९९च्या सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. त्याला दिलेला ॲडिनोविषाणू एएव्हीहून वेगळा होता, पण त्या घटनेने साऱ्या क्षेत्राला वर्षानुवर्षे मागे खेचले. गोळी थांबवता येते, शिरेतून दिलेले प्रतिपिंड काही महिन्यांत उतरते. स्नायूत बसलेले जनुक मात्र सहजी परत काढता येत नाही. म्हणून शरीरानेच त्या नव्या प्रतिपिंडाविरुद्ध प्रतिक्रिया दिली तर ती कशी ओळखायची आणि उत्पादन कसे थांबवायचे, याला किमान एक पान द्यावे. परजीवीत उत्परिवर्तन होऊन एकच लक्ष्य हातचे निसटण्याची शक्यताही त्याच पानावर यावी.

भारतात जनुकांवर काम करताना १९८९च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, प्राण्यांसाठी वेगळी नैतिक समिती लागते, आणि माणसांवरच्या जनुकोपचारासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वे आणि त्याच वर्षीचे नव्या औषधांचे व चाचण्यांचे नियम लागू होतात. प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधी व्हावी लागते. ही नोंदवही विद्यार्थ्यांखेरीज इतरांच्याही कामाची आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारचे काका ‘जनुकांद्वारे रोगप्रतिकार’ अशी जाहिरात घेऊन आले. त्यांना मी दोनच गोष्टी पाहायला सांगितल्या, सीटीआरआयमध्ये त्या नावाची नोंद आहे का आणि पैसे मागत आहेत का. नोंद नव्हती, आणि हजारो रुपये आगाऊ मागितले होते. आमच्या गल्लीत तापाचे रुग्ण वाढलेले असताना त्यांनी तेवढ्या वेळात जवळच्या रुग्णालयात रक्ताची काचपट्टी करून घेणे जास्त शहाणपणाचे होते, आणि त्यांनी ती केलीही.

पदव्युत्तर पातळीवर एएव्ही तयार करून प्राण्यांना देण्याचा प्रस्ताव लिहू नये. वेळ आणि पैसा दोन्ही कमी पडतात. संगणकावर होणारे काम मात्र भरपूर आहे आणि ते बडोद्यातल्या वसतिगृहाच्या खोलीतही होते. प्लाझ्मोडीबीसारख्या हिवताप-परजीवींच्या जनुकसंग्रहांतून भारतीय रुग्णांपासून मिळालेल्या सीएसपीच्या जनुकक्रमांची जुळवणी करावी. पुनरावृत्त भाग, त्याच्या सुरुवातीचा जोडभाग जिथे सीआयएस४३ (मालीतल्या चाचणीतल्या प्रतिपिंडाचे मूळ रूप) चिकटते तो, आणि फार बदलणारे शेवटचे टोक, हे तीन तुकडे वेगळे तपासावेत. पुनरावृत्तीची संख्या नमुन्यागणिक बदलते, पण मूळ चौकट टिकते का ते मोजावे. व्हायव्हॅक्ससाठी हेच काम स्वतंत्र प्रकरणात करावे. त्यानंतर निवडलेल्या प्रतिपिंडाचे जनुक ४,७०० अक्षरांत बसवून दाखवावे. एवढे नीट झाले तर तो प्रबंध पुढच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडतो.

शेवटच्या पानावर, कोणता निकाल आला तर हा मार्ग सोडायचा, ते काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिले होते: ‘भारतीय नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक नमुन्यांत जोडभागातील बंधस्थान बदललेले आढळल्यास हे प्रतिपिंड वगळून पुनरावृत्त भागाशी जुळणारे दुसरे निवडले जाईल.’ मार्गदर्शकांनी ते वाक्य नकारात्मक म्हणून खोडले. तिने अंतिम प्रतीत ते पुन्हा घातले, आणि दहा टक्केच का, याचा हिशेब खाली तीन ओळींत जोडला.